टाकी कोणी उपसायची?

गेल्या महिन्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. पत्र म्हणावयाचे ते जुन्या सवयीने. हल्ली मजकूर फोनवर येतो आणि पोस्टमनशी होणारे चार शब्दांचे बोलणेही संपले आहे. तरी आरंभी ‘सा. न. वि. वि.’ लिहिण्याचे त्याने अद्याप सोडलेले नाही, याचा मराठीचे मास्तर म्हणून आम्हांस थोडा अभिमान वाटतो. मुलगा भालकी तालुक्यातला. बारा-तेरा वर्षांपासून अमेरिकेत नोकरीस आहे. या उन्हाळ्यात त्याने आईला तिकडे नेले आणि एक मोटारघर भाड्याने घेऊन दहा दिवस हिंडविले. मोटारघर म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाड. ओटा, शेगडी, दोन पलंग, न्हाणी आणि शौचकूप, सारे एका लांबट गाडीत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हा आपल्या बाजूलाही हा प्रकार आता अगदीच अनोळखी राहिलेला नाही.

पत्रात डोंगरदऱ्यांची वर्णने असतील अशी आमची अपेक्षा होती. ती तीन ओळींत आटोपली होती. उरलेले पत्र मैल्याच्या टाकीविषयी होते! झाले असे की, पहिल्याच रात्री आईने लेकाला विचारले, “घरासंगं संडास बी फिरतोय म्हण की. मग हे भरल्यावर काढायचं कोणी?” तो म्हणाला, “मीच.” माउली हसली, तिला ती थट्टा वाटली. तिसऱ्या दिवशी मुक्कामाच्या जागी त्याने हातांत रबरी मोजे चढविले, गाडीखालून एक नळी ओढली, बटण दाबले आणि चार-पाच मिनिटांत टाकी रिकामी केली. आई पायरीवर बसून पाहत होती. रात्री जेवताना ती म्हणाली, “हे तुझ्या हेडमास्तरांना कळव.”

तिने आमचीच आठवण का काढली, हे सांगण्याआधी ते यंत्र कसे चालते ते सांगतो.

अशा गाडीखाली बहुधा दोन टाक्या असतात. एकीत ओट्याचे व अंघोळीचे पाणी, दुसरीत शौचकूपाचा मैला. मैल्याची टाकी मोठ्या गाडीत दीडशे लिटरच्या आसपासची. जुनी रीत अशी की, तीन इंच व्यासाची जाड नळी जोडावयाची, झडप उघडावयाची आणि उतारावरून सारे खाली जाऊ द्यावयाचे. त्यासाठी गटाराचे तोंड गाडीपेक्षा खाली आणि जवळच असावे लागते. नव्या रीतीत मधे एक लहानसा पंप बसवितात. त्याला ‘मॅसरेटर’ म्हणतात. भाषा विभागाने यास काय प्रतिशब्द दिला असेल कोण जाणे. आम्ही आपला ‘कातरपंप’ म्हणून चालवितो. त्याच्या तोंडाशी पोलादी पाती गरगर फिरतात. ती मैल्याचे आणि कागदाचे इतके बारीक तुकडे करतात की त्यांचा पातळ लगदाच होतो. मागे रबरी पाकळ्यांचे चक्र असते, ते हा लगदा पुढे ढकलते. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा पंप चालतो आणि मिनिटाला चाळीस-पंचेचाळीस लिटर फेकतो. लगदा बारीक झाल्यामुळे तीन इंची नळीचे काम एक इंची नळीत होते. तोंड चढावर असो की शंभर फूट लांब असो, अडत नाही.

पथ्येही आहेत. पंप कोरडा चालवावयाचा नाही, रबरी चक्र जळते. टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत झडप उघडावयाची नाही. नाहीतर पाणी आधी वाहून जाते आणि घट्ट भाग तळाशी ढिगासारखा बसतो. मैल्याची टाकी आधी आणि अंघोळीच्या पाण्याची नंतर, म्हणजे पंप आणि नळी आपोआप धुऊन निघते. चिंधी, प्लॅस्टिक, मुलींच्या वापरातील पॅड यांपैकी काही गेले, तर पाती अडकून बसतात. रिकामी करण्याची जागा नेमून दिलेली असते. रस्त्याकडेला सोडले तर दंड होतो.

आता आमच्याकडे वळू. बिदर आणि कलबुर्गीच्या या सीमाभागात घरोघरी, शाळोशाळी जी टाकी असते, तिचे खरे नाव सेप्टिक टँक. फ्रान्समध्ये मूरा नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकात ती प्रथम बांधली आणि १८८१ साली तिचे एकस्व घेतले. आमच्या गावी मात्र तिला एकजात सर्व ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. गवंडीही तेच म्हणतो, सरपंचही तेच म्हणतो, आणि एका अंदाजपत्रकात ते तसेच टंकित होऊन आलेले आम्ही पाहिले आहे. भाषेच्या मास्तराने हसावे असा हा प्रसंग. पण ज्या टाकीत उतरून आपल्या देशात दरवर्षी माणसे मरतात तिला सुरक्षेचे नाव चिकटावे, याचे हसू फार वेळ टिकत नाही.

मरण कसे येते तेही नीट कळले पाहिजे, कारण ‘गुदमरला’ एवढ्यावर आपण बातमी वाचून पान उलटतो. बंद टाकीत मैला कुजतो, त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. दुसऱ्यास नासक्या अंड्याचा वास असतो, आणि लोक त्या वासावर भरवसा ठेवतात. हा वायू थोडा असेल तेव्हा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. उतरणाऱ्यास वाटते, आता हवा बरी झाली. तो कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, पुष्कळदा त्याचा भाऊ किंवा मुलगा, आणि तोही वर येत नाही.

आमच्या भागाची आणखी एक गोष्ट. आमची माती दोन जातींची. बिदरचे पठार जांभ्या दगडाचे, सच्छिद्र. बहमनी काळात या जांभ्यातूनच भुयारे खोदून कारेझचे पाणी गावात खेळविले गेले. नौबादला ते आजही पाहता येते. अशा दगडात टाकीचे पाणी चटकन जिरते, म्हणून टाकी भरतच नाही असे मालकास वाटते, आणि ते पाणी कोणाच्या विहिरीत उतरते याचा विचार तो करीत नाही. उलट औराद, आळंद या बाजूची काळी माती पावसात फुगते आणि पाणी जिरू देत नाही. तेथे शोषखड्डा जुलैतच तुडुंब होतो आणि संडासाचे पाणी उलटे वर येते. आमची शाळा काळ्या मातीत आहे.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिण्यास आम्हांस इतकी वर्षे लागली.

१९९८ साली आम्ही दुसऱ्या एका गावच्या शाळेत सहशिक्षक होतो आणि शाळेच्या किरकोळ खर्चाची वही आमच्याकडे असे. पावसाळ्यात टाकी भरली. गावातल्या एका जाणत्याने सांगितले, दोन माणसे आहेत, रात्री येतील, सकाळपर्यंत साफ करून देतील. आम्ही मान डोलावली. १९९३ साली संसदेने केलेला कायदा मुख्यतः कोरड्या संडासांपुरता होता. टाकीचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. निदान आमच्या नव्हता, असे आज म्हणणे सोयीचे आहे. माणसे आली, गेली. सकाळी टाकीची फरशी जागेवर होती आणि भोवती राख पसरली होती. आम्ही दीडशे रुपये दिले आणि वहीत लिहिले: ‘किरकोळ दुरुस्ती.’

त्या दोघांपैकी एकाचा मुलगा आमच्या पाचवीच्या वर्गात होता. हे आम्हांस ठाऊक नव्हते. वर्गातल्या मुलांना मात्र दुसऱ्याच दिवशी ठाऊक झाले, कारण गावात असे काही झाकून राहत नाही. तो मुलगा आठवडाभर मागच्या बाकावर एकटा बसला. मग येईनासा झाला. आम्ही त्याच्या घरी एकदा गेलो. बाप नम्रपणे म्हणाला, “पाठवतो, गुरुजी.” आम्ही हजेरीपटावर चार महिने गैरहजेरीची खूण करीत राहिलो आणि मार्चमध्ये नाव कमी केले. त्याचे अक्षर चांगले होते.

ही प्रथा बंद व्हावी म्हणून झटलेली माणसे आमच्याच प्रदेशात होऊन गेली, याची आम्हांस माहिती होती. पाठ्यपुस्तकांतून ती शिकविलीही होती. आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपणांस करू द्यावे म्हणून उपवास आरंभिला आणि १९३२ च्या डिसेंबरात गांधीजींनी येरवड्यातून त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणारे संडास बसवून दाखविले. आमच्या कर्नाटकात बी. बसवलिंगप्पा यांनी देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळात असताना डोक्यावरून मैला वाहण्यास बंदी घातली, तीही १९७० च्या दशकात. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या वस्तीत सफाई कामगाराच्या घरी जन्मलेले बेजवाडा विल्सन यांनी या प्रश्नासाठी आयुष्य वेचले आणि २०१६ साली त्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण माहिती एका खणात आणि वही दुसऱ्या खणात, अशी आपली सोय असते.

२०१३ चा कायदा निराळा आहे. त्याने सेप्टिक टाकीचे नाव घेतले. संरक्षक साधनांवाचून माणसास टाकीत किंवा गटारात उतरविणे हा गुन्हा ठरला. पहिल्या खेपेस दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गुन्हेगार उतरणारा नव्हे, उतरविणारा. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी असे मरण आलेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावे असा निर्णय दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. दीडशे रुपयांच्या त्या नोंदीशेजारी हा आकडा आम्ही मनात पुष्कळदा मांडून पाहिला आहे.

तर २०२४ च्या जुलैत आमच्या सध्याच्या शाळेची टाकी भरली. संडासांस कुलूप लागले. मुलगे शेताकडे पळत. मुली मधल्या सुट्टीत घरी जात आणि परत येत नसत. आठवड्यात सातवीच्या वर्गात दुपारी मुलीच उरल्या नाहीत. शाळा समितीची बैठक बोलाविली. एक सभासद, माणूस चांगला, म्हणाले, “सर, कशाला गाजावाजा? दोन माणसं माहितीतली आहेत. रात्रीत होईल.” सव्वीस वर्षांनी तेच वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत. आम्ही म्हणालो, गाडीच येईल, आणि दिवसा येईल.

गाडी मिळण्यास अठरा दिवस लागले. आमच्याकडे तिला ‘सकिंग मशीन’ म्हणतात. तिची युक्ती कातरपंपाहून वेगळी आहे. तिचा पंप मैल्यास शिवतही नाही. तो गाडीवरच्या बंद पिंपातील हवा काढून घेतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब मैल्यास नळीतून वर ढकलतो. आठवीच्या मुलांना वातावरणाचा दाब शिकविताना ग्लासावर पुठ्ठा ठेवून उलटा करण्याचा प्रयोग आम्ही दाखवितो. त्याचे हे थोरले भावंड. पण दाबालाही मर्यादा असते. समुद्रसपाटीला हवा पाण्याचा स्तंभ फार तर दहा मीटर उचलते. आमचे पठार दोन हजार फुटांवर, येथे त्याहून कमी. आणि तेही पाण्याचे गणित. घट्ट गाळाचे गणित फार कठीण.

गाडी गल्लीत शिरेना. ती सडकेवर उभी राहिली आणि शंभर फूट नळी अंथरली. वरचे पाणी पाच मिनिटांत गेले, आणि मग नळी नुसतीच घुरघुरू लागली. टाकी बांधल्यापासून कधीच उपसली नव्हती. तळाचा गाळ चिखलाच्या विटेसारखा झाला होता. चालकाने नळी बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाला, “ओब्ब ओळगे इळिबेकु, सर.” एकाने आत उतरले पाहिजे. त्याच्याबरोबर एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा होता; तो चप्पल काढून तयारच उभा होता. त्याने चप्पल काढली हे पाहून आमच्या पोटात गोळा आला.

आम्ही नाही म्हणालो. चालक चिडला, त्याची दुसरी खेप खोळंबली होती. समितीचे सभासद म्हणाले, पाचच मिनिटांचा प्रश्न आहे. आम्ही टाकीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलो. हे थोडे नाटकीच दिसले असेल, पण दुसरे काही सुचले नाही. अखेर चालकानेच मार्ग काढला, आणि तो त्यास आधीपासून ठाऊक होता. गाडीतले पाणी उलटे टाकीत सोडावयाचे, वरून लांब बांबूने ढवळावयाचे, तासभर थांबावयाचे, पुन्हा ओढावयाचे. दोन खेपा लागल्या, दुप्पट पैसे पडले. साडेसात हजार रुपये. माणूस उतरविणे स्वस्त पडते म्हणूनच तो उतरविला जातो; यात गूढ असे काही नाही.

गाळाबरोबर काय काय निघाले! कुरकुऱ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, एक पट्टी, दोन कंपासपेट्या, आणि पॅडांचे गठ्ठे. अमेरिकेतला कातरपंप येथे पहिल्याच मिनिटास बंद पडला असता. शासनाच्या ‘शुचि’ योजनेतून मुलींना पॅड मिळाले, ती गोष्ट चांगलीच झाली. वापरल्यावर ते टाकावयाचे कोठे, हे शाळेने मुलींना कधी सांगितले नाही, कारण विचारावयाचे कोणी आणि सांगावयाचे कोणी? आमच्या शाळेतील बाईंनी दुसऱ्या दिवशी झाकणाची बादली आणि जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा मुलींच्या संडासात ठेवला. ही बादली आम्ही मुख्याध्यापक झाल्यापासून केव्हाही ठेवता आली असती. बाईंनी यापूर्वी दोनदा मागितलीही होती. आम्ही ‘पाहू’ म्हटले होते.

गाडी निघाली तेव्हा चालकास विचारले, “हे आता नेतोस कोठे?” तो हसला. आम्ही मोटारसायकलवर मागे गेलो. चार किलोमीटरांवर पुलाजवळ त्याने तोटी उघडली. पहिली खेपही तेथेच गेली असणार. तोच ओढा पुढे ज्या वाडीजवळून जातो, तेथील अकरा मुले आमच्या शाळेत आहेत. टाकी दिवसा उपसली, माणूस उतरू दिला नाही, याचे जे समाधान घेऊन आम्ही निघालो होतो ते त्या पुलावर उतरले.

याला उपाय नाही असे नाही. बेंगळुरूजवळ देवनहळ्ळीला २०१५ साली टाक्यांतील गाळ शुद्ध करण्याचे केंद्र उभे राहिले. तेथे गाळ वाळवून, ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून खत करतात. आणि आपल्या वाईत, जेथून विश्वकोशाचे खंड निघाले त्या वाईत, नगरपरिषदेने २०१८ पासून आणखी शहाणपण केले. टाकी तुंबेपर्यंत थांबावयाचे नाही. दर तीन वर्षांनी पाळीपाळीने प्रत्येक घरची उपसावयाची आणि गाळ केंद्रात न्यावयाचा. वेळेवर उपसलेला गाळ पातळ असतो, यंत्र तो सहज ओढते, आणि कोणास चप्पल काढावी लागत नाही. नाशिक जिल्ह्यात सिन्नरनेही हा कित्ता गिरविला. आमच्या तालुक्याच्या पुरसभेकडे आम्ही याविषयी तीन अर्ज केले आहेत, दोन कन्नडात आणि एक मराठीत. मराठी अर्जाची पोच मिळालेली नाही.

शाळेत मात्र दोन कामे झाली. टाकीच्या फरशीवर रंगाने लिहिले: ‘उपसा जुलै २०२४, पुढील उपसा जून २०२७.’ त्या जूनमध्ये आम्ही त्या खुर्चीत नसू, म्हणून कार्यभार सोपविण्याच्या यादीत किल्ल्या, शिक्के आणि पटनोंदणीच्या खाली हीही एक ओळ घातली आहे. खर्चाच्या वहीत या वेळी ‘मैला टाकी उपसा, रु. ७५००’ असे सरळ लिहिले. लेखापरीक्षकाने त्यावर शेरा मारला की, रक्कम अधिक वाटते.

त्या खुर्चीची गोष्ट गावात झाली होती, आणि विद्यार्थ्याच्या आईच्या कानावर ती होती. म्हणून तिकडे तिने आमची आठवण काढली. पत्राच्या शेवटी मुलाने विचारले होते, “गुरुजी, असा एक पंप शाळेसाठी पाठवू का?” आम्ही कळविले की, पंप नको, आमच्या टाकीत कंपासपेट्या निघतात. आई पुढच्या महिन्यात परत येत आहेत असे त्याने लिहिले आहे. त्यांना शाळेत यावयास सांग, असे लिहिले; आमच्या सातवीच्या मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकावयाचे आहे की, गाडीखालची टाकी भरली तेव्हा ती कोणी उपसली.